चित्रांच्या भिंती आणि बसायचा बाक

आपल्या अंकांतून चित्रकलेवर लिहिले जाते ते बहुधा वाद झाल्यावर. मकबूल फिदा हुसेन यांच्यावर खटले भरले गेले, १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईतील घरावर हल्ला झाला, २००६ मध्ये त्यांनी देश सोडला, २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. यातल्या प्रत्येक टप्प्यावर त्यांच्या बाजूने आणि त्यांच्या विरोधात रकानेच्या रकाने भरले. परंतु पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणाऱ्या या माणसाचे चित्र पहिल्यांदा कोणाच्या भिंतीवर लागले, ती भिंत कोणाची होती, सकाळी तिचे शटर कोण उघडत होते आणि तिथे आलेल्याला चहा कोण पाजत होते, हे प्रश्न आपल्याकडे कोणी विचारलेले मला आठवत नाहीत. प्रस्तुत लेख चित्रांविषयी कमी आणि त्या शटरविषयी अधिक आहे. मी कलेची अभ्यासक नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, बी.एड. आहे, आणि या विषयाकडे मी एका फ्रेमच्या दुकानातून आले.

माझे मामू भिवंडीत फ्रेम बनवीत असत. आठ बाय दहाची खोली, छताला टेकलेल्या पट्ट्या, कोपरा कापायची करवत, काच कापायचा हिरा आणि दाराशी एक लाकडी बाक. काबाशरीफ आणि मदिनाशरीफच्या तसबिरी, आयतल कुर्सीचे तुघरे, हजहून आलेल्यांचे फोटो, लग्नाचे फोटो, शाळांसाठी महापुरुष, असे सगळे तिथे येई. पद्मशाली विणकर शेजारी मार्कंडेय ऋषींची तसबीर घेऊन येत. काच कापून चौकट ठोकेपर्यंत अर्धा तास जाई आणि तो अर्धा तास माणसे बाकावर बसत. काम नसलेलीही बसत. कुठल्या कारखान्यात मंदी आहे, कोणाचा मुलगा दहावीत पडला, मुशायऱ्याला यंदा कोण येणार, याच्या गप्पा चालत. मध्येच कोणी समोर टांगलेल्या तुघऱ्याकडे बोट करून म्हणे, ही ‘अलिफ’ जरा वाकडी आहे हो. त्यावर पंधरा मिनिटे वाद. आज मला वाटते, मी ऐकलेली पहिली कलासमीक्षा ती होती.

मुंबईतल्या आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात एक मोठे नाव फ्रेमवाल्याचेच आहे, हे कळले तेव्हा मला नवल वाटले आणि आनंदही झाला. केकू गांधी केंब्रिजला शिकत होते. महायुद्धामुळे ते परतले आणि १९४१ मध्ये त्यांनी फ्रेमच्या पट्ट्या बनवण्याचा कारखाना काढला. केमिकल मोल्डिंग यावरून नाव पडले केमोल्ड. चित्र विकणे हा त्यांचा धंदा नव्हता, चौकट विकणे हा होता. पण रिकामी चौकट खिडकीत किती दिवस टांगणार? म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानात आरा, हेब्बर, हुसेन, रझा यांची चित्रे लागू लागली. ज्या काळात या मंडळींची चित्रे घ्यायला कोणी तयार नव्हते त्या काळात रस्त्याने जाणाऱ्या माणसाने ती फुकट पाहिली, आणि पाहिली ती फ्रेमचा भाव विचारायला थांबला म्हणून.

हे मला फार महत्त्वाचे वाटते. गॅलरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी भिंत आणि कुजबुजणारी माणसे येतात. आत शिरण्यासाठी आधीच काही ठाऊक असावे लागते, असा तिचा दरारा असतो. फ्रेमच्या दुकानाचा दरारा नसतो. तिथे शिरायला कारण असते. आपण मुलाचा फोटो मढवायला गेलेलो असतो, आणि रझांचे चित्र नजरेला पडते.

१९६३ मध्ये केकू आणि त्यांच्या पत्नी खोरशेद यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. जागा लहान होती. मोठे चित्र लावायचे तर अडचण. पण चव्वेचाळीस वर्षे, म्हणजे २००७ मध्ये फोर्टातल्या मोठ्या जागेत जाईपर्यंत, ती तिथेच चालली. केकू १९४१ पासून या उद्योगात होते म्हणून सगळे श्रेय त्यांच्या नावावर जाते. पण दुकान म्हणा की गॅलरी, दारातून आलेल्याला रोज सामोरे जाणे, कोणते चित्र कोणाला दाखवायचे हे ओळखणे, उधारी लक्षात ठेवणे, हे काम बसून करणाऱ्याचे असते, आणि त्या खुर्चीवर खोरशेद बसल्या. आपल्या घरांतल्या बायकांना हे वेगळे सांगायला नको.

केमोल्डच्याही आधी, १९५९ साली, बाल छाब्डा यांनी वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये ‘गॅलरी ५९’ काढली. छाब्डा सिनेमाच्या धंद्यातले, हुसेन यांचे दोस्त, पुढे स्वतःही चित्रकार झालेले. त्या इन्स्टिट्यूटची कथा आज परीकथेसारखी वाटते. समुद्राकाठचा बंगला, चित्रकारांना नाममात्र भाड्यात मिळणाऱ्या खोल्या, एका खोलीत हुसेन, दुसरीत गायतोंडे, रविशंकर यांचे संगीत विद्यालय, आणि नाटकाच्या तालमी घेणारे इब्राहिम अल्काझी. अल्काझी पुण्यात जन्मलेले. वडील अरब व्यापारी. आपल्या मराठी मुलखातून इतका मोठा नाट्यशिक्षक निघाला आणि २०२० मध्ये गेला, तरी आपल्या अंकांत त्यांच्यावर किती लिहिले गेले? असो.

या घरात एक मुलगी येत होती. नसरीन मोहमदी. जन्म १९३७, कराची. लहानपणीच कुटुंब मुंबईत आले. लंडनला शिकून ती परतली आणि भुलाभाईच्या इमारतीत काम करू लागली. १९६१ मध्ये तिचे पहिले एकल प्रदर्शन भरले, ते गॅलरी ५९ मध्ये. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. पुढे बडोद्याला शिकवत शिकवत तिने रंग जवळजवळ सोडले, माणसे, झाडे, वस्तू सगळे सोडले आणि कागदावर पेन्सिल व शाईने फक्त रेषा उरल्या. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला तिचा अंत झाला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने मेट ब्रॉयर ही नवी शाखा उघडली तेव्हा उद्घाटनाच्या प्रदर्शनांत एक तिचे होते. किहीमला सहलीला जाणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे नाव माहीत आहे?

गॅलरी ५९ काही वर्षांतच बंद पडली. धंदा म्हणून पाहिले तर ती फसली. आज भुलाभाईचा बंगलाही नाही, तिथे उंच इमारत आहे. पण नसरीनला चोविसाव्या वर्षी चार भिंती मिळाल्या, बाजूच्या खोलीत गायतोंडे यांच्यासारखा मौनी माणूस काम करताना पाहायला मिळाला. ही कमाई कोणत्या खात्यात लिहायची? लहान गॅलरीचा जमाखर्च विक्रीच्या वहीवरून मांडणारे समीक्षक इथे चुकतात असे माझे मत आहे. चित्र विकले गेले की ते कोणाच्या तरी दिवाणखान्यात जाऊन बंद होते. बैठक मात्र तिथे आलेल्या प्रत्येकाबरोबर बाहेर पडते.

मुंबईत ही बैठकीची परंपरा त्याहून जुनी. तीसच्या दशकात हिटलरच्या छळापासून निसटून आलेली काही माणसे, वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडेन, इमॅन्युएल श्लेसिंगर, या शहरात स्थिरावली. लँगहॅमर यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत, पुस्तकांतली चित्रे पाहत, वाद घालत. १९४७ चा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या उबेत वाढला. सूझा गोव्याचा ख्रिस्ती, रझा आणि हुसेन मुसलमान, आरा मोटारी धुण्याचे काम केलेला, गाडे आणि बाकरे मराठी. फाळणीच्या वर्षी ही सहा माणसे एका खोलीत बसू शकली, कारण कोणी तरी खोली उघडी ठेवली होती.

बी.एड.च्या वर्षी मी पहिल्यांदा जहांगीरला गेले. आम्ही तिघी मैत्रिणी, दोघी बुरख्यात, सीएसटीहून चालत. प्रवेश फुकट आहे हे माहीत नव्हते, म्हणून दाराशी पर्स उघडून उभ्या राहिलो. चित्रे पाहिली. खरे सांगायचे तर फार काही कळले नाही आणि पंधरा मिनिटांत बाहेर पडण्याच्या बेतात होतो. मग ‘समोवार’ दिसले. गॅलरीच्या अंगालाच असलेला लांबट, अरुंद व्हरांडा, पलीकडे म्युझियमची बाग. तिथे पराठे आणि पुदिन्याचा चहा मिळे. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ नुकत्याच पाहिलेल्या चित्रावर मराठीत चिडून बोलत होते. आम्ही कान देऊन ऐकले, आणि चहा संपल्यावर तेच चित्र पुन्हा पाहायला गेलो. या वेळी ते चित्र तासभर सुटले नाही.

उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये सुरू केलेले समोवार ३१ मार्च २०१५ रोजी बंद झाले. त्यावर वर्तमानपत्रांनी हळवे लेख लिहिले, पराठ्यांच्या आठवणी काढल्या. माझी तक्रार पराठ्यांची नाही. चित्र पाहणे हे एकदा आणि पुन्हा असे दोन फेऱ्यांचे काम आहे आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये बसायला जागा लागते. ज्याला जवळ घर आहे, गाडी आहे, क्लब आहे तो ती जागा कुठेही शोधेल. भिवंडीहून बस आणि लोकल बदलत आलेल्या मुलीला तीच जागा हवी असते. आणि स्वच्छतागृहही, हे संकोच सोडून लिहिते, कारण कलेवर लिहिणारे पुरुष हे लिहीत नाहीत.

या सगळ्या जागांविषयी मला आदर आहे, म्हणूनच त्यांचा दोषही सांगितला पाहिजे. या बैठका मुंबईच्या होत्या, पण मुंबईच्या किती भाषांच्या होत्या? मी पाहिलेल्या बहुतेक प्रदर्शनांत चित्राखालची चिठ्ठी इंग्रजीत, माहितीपत्रक इंग्रजीत, अभिप्रायाच्या वहीतही मराठी शोधावी लागते. उर्दूचे तर नावच नको. तय्यब मेहता यांनी १९४७ साली मोहम्मद अली रोडवर खिडकीतून एका माणसाला जमावाकडून ठार होताना पाहिले आणि ते दृश्य त्यांच्या कोसळत्या आकृत्यांतून आयुष्यभर परतत राहिले. त्याच मोहम्मद अली रोडवर आज राहणाऱ्या माणसापर्यंत तय्यब पोचले नाहीत. ते काळाघोड्यापर्यंतच राहिले. हे अंतर चालत अर्ध्या तासाचे आहे. दोष गॅलरीवाल्यांचा किती आणि आपल्या अनास्थेचा किती, हे मी ठरवू शकत नाही. पण मोहल्ल्यात कोणी एक खोली उघडली असती तर हा प्रश्न वेगळा दिसला असता.

दुसरे, पैसा. २००२ मध्ये तय्यब यांचे ‘सेलिब्रेशन’ लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना गेले, २००५ मध्ये ‘महिषासुर’ने पंधरा लाख डॉलरचा आकडा ओलांडला, आणि मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचे १९५४ चे ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कला एकशे अठरा कोटींच्या वर विकले गेले. अनेक वर्षे ते ऑस्लोच्या एका रुग्णालयाकडे होते. या आकड्यांचा आपल्याला अभिमान वाटतो, वाटावा. पण भिंतीवर कोट्यवधींचा माल असला की दाराशी पहारेकरी आला, पहारेकरी आला की बाक गेला. काही वर्षांपूर्वी मी सातवीच्या बावीस मुलींना घेऊन दक्षिण मुंबईतल्या एका खासगी दालनात गेले. नाव घेत नाही. पहारेकऱ्याने आम्हाला पाहिले, आत विचारून आला आणि म्हणाला, इतक्या जणींना एकदम सोडता येणार नाही, आधी मेल करायला हवा होता. नियम असेलही. पण एक मुलगी म्हणाली, “टीचर, हमारे जूते गंदे थे क्या?” तिला काय उत्तर द्यायचे हे बी.एड.ला शिकवलेले नव्हते. मग आम्ही जहांगीरला गेलो. तिथे कोणी अडवले नाही, हे नमूद करते.

केकू गांधींचे आणखी एक काम मला या विषयापासून वेगळे काढता येत नाही. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईत मोहल्ला एकता समित्यांच्या कामात ते उतरले. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. गॅलरीवाल्या माणसाने हे का करावे, असे कोणी विचारील. भिवंडीकराला तो प्रश्न पडणार नाही. आमच्या गावाने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. माझी पिढी हे ऐकतच मोठी झाली. त्या समित्यांचे गुपित वडीलधारी मंडळी एका वाक्यात सांगतात, भांडण होण्याच्या आधी एकत्र बसायची सवय पाहिजे. भांडणानंतर बोलावलेली बैठक ही सुनावणी असते. केकूंनी तीस वर्षे गॅलरीत हेच केले होते, काही कारण नसताना माणसांना एकत्र बसवले होते. त्यामुळे त्यांचे समितीत जाणे मला गॅलरीचाच पुढचा मजला वाटते. चित्रांनी दंगल थांबते असा भाबडा दावा मी करत नाही. चित्रांच्या निमित्ताने लावलेला बाक मात्र उपयोगी पडतो.

आपल्याकडे असे काही काढायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, तसवीर जायज आहे का? मी त्या वादात शिरत नाही, त्याला माझ्यापेक्षा जाणती माणसे आहेत. इतकेच सांगते की, ज्या घरात चेहऱ्याचे चित्र चालत नाही त्या घराच्याही भिंती कोऱ्या नसतात. खुशनवीसाचा तुघरा असतो, जाळीची नक्षी असते. आणि नसरीनच्या रेषांत तर चेहरा शोधूनही सापडणार नाही. हा प्रश्न खोली न उघडण्याचे कारण होऊ शकत नाही.

हे सगळे वाचून डोक्यात भरले तेव्हा मामूंचे दुकान बंद होण्याच्या बेतात होते. तयार फ्रेमा बाजारात त्यांच्या निम्म्या भावात मिळू लागल्या आणि फोटो लोकांच्या मोबाईलमध्येच राहू लागले. उरलेल्या पट्ट्यांतून त्यांनी मला अकरा चौकटी करून दिल्या आणि बाक दिला. शाळेत मोडक्या बेंचांनी भरलेली एक खोली होती. मुख्याध्यापकांची परवानगी काढली, मुलींनी आणि दोन पालकांनी ती रिकामी करून चुना लावला. शनिवारी शाळा लवकर सुटे, त्यानंतर दोन तास ती खोली उघडी ठेवायची असे ठरले. पहिल्या महिन्यात मुलींची चित्रे लावली, दुसऱ्या महिन्यात एका वृद्ध कातिबाने कंप्यूटर येण्यापूर्वी हाताने लिहिलेली मुशायऱ्यांची इश्तिहारे. तिसऱ्यांदा मी नसरीनच्या रेखाचित्रांच्या रंगीत झेरॉक्स लावल्या आणि घाबरत होते, या कोण पाहणार? लूम चालवणाऱ्या बापाची एक मुलगी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “टीचर, ये तो भीम पे चढा हुआ ताना है.” ती तिच्या अब्बांना घेऊन आली. ते पाच मिनिटे पाहत राहिले आणि म्हणाले, इथे धागा तुटलाय, आणि तुटलाय ते हिने मुद्दाम दाखवलेय. एवढी नेमकी समीक्षा मी नसरीनवर छापलेली वाचलेली नाही.

फसलेही पुष्कळ. आया येत त्या चित्रांसाठी नव्हे, बसण्यासाठी. हे मला सुरुवातीला खटके. मी त्यांना चित्रे समजावून सांगायला लागे आणि त्या उठून जात. शिक्षकाची खोड. मग मी गप्प बसायला शिकले, तेव्हा त्या आपणहून विचारू लागल्या. मुलग्यांना आत घ्यायचे की नाही यावर दोन शनिवार वाया गेले. दिव्यांचे बिल कोण भरणार यावर एक. मुख्य अडचण किल्लीची. मी रजेवर गेले की खोली बंद. लहान गॅलरी ही एका माणसाच्या प्रकृतीवर चालते. गॅलरी ५९ चे तेच झाले असावे आणि केमोल्ड टिकली ती खोरशेद होत्या आणि पुढे मुलीने ती हाती घेतली म्हणून. दीड वर्षाने शाळेला ती खोली पोषण आहाराचा तांदूळ ठेवायला हवी झाली. तांदळापुढे मी काय बोलणार? चौकटी आता व्हरांड्यात आहेत आणि बाकही. पावसाळ्यात दोन चित्रे भिजली.

पुढच्या वर्षी मामूंच्या गाळ्यात हे पुन्हा मांडायचा विचार आहे. गाळा छोटा आहे, पण रस्त्यावर आहे आणि किल्ल्या तिघींकडे राहतील. मालेगाव, सोलापूर, औरंगाबाद, रत्नागिरी इथल्या वाचकांपैकी कोणी आपल्या गावात असे दुकान, ओटा किंवा खोली चालवत असेल, मग तो फ्रेमवाला असो, कातिब असो की फोटोग्राफर, तर त्याची हकीकत या वार्षिकाच्या पत्त्यावर जरूर लिहून पाठवावी. जागा किती, भाडे किती, किल्ली कोणाकडे आणि बायका येतात का, एवढे कळवले तरी पुरे.